कुठल्या सदराखाली लिहू? चिकांडाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
झांबिया आणि टांझानियाच्या वन व वन्यजीव खात्यांतले, साइट्सचे (धोक्यातल्या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने ज्यांच्या सहीनं निघतात ते अधिकारी

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी उत्तर झांबियातल्या कासामाहून राजधानी लुसाकाला बसनं येत होते. शेजारी साठीच्या घरातली एक बाई. कमरेला निळं चितेंगे, पायाशी मक्याच्या पिठाचं जुनं पोतं, अर्धं भरलेलं, तोंड सुतळीनं शिवलेलं. आत चिकांडाचे, म्हणजे रानातल्या ऑर्किडचे, वाळलेले कंद होते. बस खड्ड्यातून गेली की पोत्यातून सुपाऱ्या खुळखुळल्यासारखा आवाज यायचा. वाटेत एका तपासणी नाक्यावर बस थांबली, एक तरुण अधिकारी वर चढला, त्यानं पोतं बुटाच्या टोकानं चाचपलं आणि परवाना मागितला. बाईला तो शब्दच नवा होता. पोतं खाली उतरवलं गेलं. बाई उतरली नाही, कारण बस तिच्यासाठी थांबणार नव्हती आणि लुसाकाच्या स्टँडवर मुलगी न्यायला येणार होती.

मी पेशानं हिशेबनीस. माल ताब्यात घेतला की पावती द्यायची, एवढं मला कळतं. खिडकीतून मी तसं म्हटलं. तो हसला. हसण्यात मग्रुरी नव्हती, खरोखरच पेचात पडला होता बिचारा. म्हणाला, "मॅडम, कुठल्या सदराखाली लिहू?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. चिकांडा तुमच्या कुठल्याच सदरात बसत नाही. मका कृषी खात्याचा, मुकवाचं लाकूड वनखात्याचं, हस्तिदंत वन्यजीव खात्याचं. चिकांडा खणतात जंगलात, विकतात भाजीबाजारात, खातात घरोघरी, आणि दप्तरात त्याचा पत्ता नाही. पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ हेच आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या दोन्ही राजधान्यांना टपालानं गेली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांनीही वाचावं म्हणून. त्यांचा या प्रकरणाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

तुम्हाला चिकांडा म्हणजे काय हे सांगायला नको, पण नाशिक-पुण्यातल्या वाचकांना सांगायला हवं. ही जमिनीत वाढणारी ऑर्किडं, आपल्याकडे ज्यांना आमरी म्हणतात त्या कुळातली. डिसा, सॅटिरियम, हॅबेनेरिया या मुख्य जाती-गटांचे कंद, शिवाय ब्रॅकिकोरिथिस, युलोफिया वगैरे. उत्तर झांबियातल्या बेम्बा लोकांचं हे जुनं खाणं. मलावीत याला चिनाका म्हणतात. कंद वाळवून कुटायचे, पिठात शेंगदाण्याचं कूट, मीठ, मिरची आणि खायचा सोडा घालून शिजवायचं, की त्याची लगदेदार, कापता येईल अशी वडी होते. इंग्रजी बोलणारे त्याला 'आफ्रिकन पोलोनी' म्हणतात, कारण काप पोलोनी सॉसेजसारखे दिसतात. त्यात मांसाचा कणही नसतो.

लुसाकात येऊन मला चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी शेजारच्या आजीनं, त्यांना आम्ही सगळे बानाकुलू म्हणतो, म्हणजे आजीच, मला अंगणात बसवून चिकांडा करून दाखवला होता. म्बाऊलावर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, भांडं. आधी पाणी आणि दाण्याचं कूट उकळलं. ते कूट इतकं आपल्यासारखं, की मी विचारलं, यात साबुदाणा घालता का? मग कंदाचं पीठ मुठीनं सोडत त्या लाकडी दांड्यानं घोटू लागल्या. पाचेक मिनिटांत मिश्रण दांड्याला धरून तारेसारखं ओढलं जाऊ लागलं. त्यावर सोडा. पूर्वी सोड्याऐवजी वनस्पती जाळून केलेल्या राखेचं पाणी घालत, असं त्यांनी सांगितलं. रंग मातकट गुलाबी झाला. वर झाकण, झाकणावर निखारे, आणि मग गप्पा. कापल्यावर सुरीला चिकटत नाही तो चांगला चिकांडा. मी त्यांना विचारलं होतं की हे कंदमूळ आमच्या उपासाला चालेल का. दाणे चालतात, मिरची चालते, मीठ चालतं. सोड्यापाशी माझं घोडं अडलं. बानाकुलूंचं मत असं की देवाला एवढं बारीक बघायला वेळ नसतो.

लहानपणी बानाकुलू गावामागच्या दांबोत, पावसात पाणी धरणाऱ्या गवताळ पाणथळीत, पाऊस ओसरला की आईबरोबर कंद खणायला जायच्या. एका सकाळी टोपली भरायची. आता गावाकडून पोतं येतं तेव्हा त्यातले कंद कुठल्या देशातले आहेत हे त्यांना ठाऊक नसतं. बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं की बराचसा माल टांझानियातून येतो, शिवाय कांगो, अंगोला, मलावीकडूनही येतो. आपला डबा रिकामा झाला म्हणून शेजाऱ्याच्या डब्यात हात घालावा, तसं झालं आहे.

आता माझं देणं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते तुम्हाला कळेल.

आमचं घराणं काष्ठौषधींच्या दुकानाचं. आजोबांच्या गल्ल्यामागे लाकडी खणांची भिंत होती. एका खणावर लिहिलेलं, 'सालम मिश्री', दुसऱ्यावर 'सालमपंजा'. पंजा म्हणजे हाताच्या बोटांसारखा फाटलेला हिमालयातला कंद, डॅक्टिलोऱ्हायझा. तोही ऑर्किडचाच. ऑर्किड हा शब्दच मुळी ग्रीक भाषेत वृषणांवरून आला, जोडीनं असणारे कंद पाहून, आणि त्यामुळे जगभर या कंदांना नको ती कीर्ती मिळाली. आमच्या दुकानात नवरदेवांच्या मामांची गर्दी असायची. मी दहावीत असताना पंजाचा खण रिकामा झाला. नंतर त्यात भलतंच काही आलं, तेच नाव लावून. आजोबा ते विकत आणि हिशेबाच्या वहीत मात्र खरं नाव लिहीत. मला ती वही अजून आठवते.

हे काही नवं नाही. च्यवनप्राशात जो अष्टवर्ग असतो, त्यातले जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी हे चार आज ऑर्किड म्हणून ओळखले जातात. ऋद्धी-वृद्धी तर हॅबेनेरिया, चिकांडाच्याच घरातली. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात स्पष्ट म्हटलं आहे की अष्टवर्ग राजांनाही मिळणं दुर्मीळ, तेव्हा त्याऐवजी दुसरं वापरा: ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची ही पर्यायांची यादी म्हणजे एका तऱ्हेचं ताळेबंदपत्रक आहे, आणि त्यात शिल्लक शून्य दिसते. सातपुड्यात आदिवासी युलोफियाला अमरकंद म्हणतात. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात पांढरी हॅबेनेरिया उगवते आणि आता लोक तिकीट काढून ती बघायला जातात. म्हणजे आम्हाला काय झालं ते माहीत आहे. तुमच्याकडे अजून पुरतं झालेलं नाही, म्हणून लिहिते.

कंदाची गोष्ट हिशेबाच्या भाषेत सांगते, कारण मला तीच येते. रोप उपटलं तर खाली दोन कंद दिसतात. एक तपकिरी, सुरकुतलेला, दाबला तर बोट आत जाईल असा: हा गेल्या वर्षीचा, यंदाचं पान आणि फूल यानंच उभं केलं, आता संपला. दुसरा पांढरट, टणक, भरलेला: हा पुढच्या वर्षासाठी साठवलेला. खणणारा टणकच घेतो, मऊ टाकून देतो. म्हणजे झालेला खर्च मातीत राहतो आणि मुद्दल पोत्यात जातं. बटाट्यासारखं नाही हे, की एक पेरला आणि दहा निघाले. इथे एकाला एक. तो एक गेला की रोप गेलं.

मग बियांचं काय? एका शेंगेत हजारो बिया असतात, धुळीसारख्या, आणि बीजाच्या आत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. मातीतली योग्य बुरशी भेटली तर ती बुरशी त्या बीजाला पोसते. नाही भेटली तर बी गेलं. त्यापुढे फूल धरायला कित्येक वर्षं. आणि खणणारा रोप शोधतो कसं? पानाफुलावरून. म्हणजे बी तयार होण्याच्या आतच बरेचदा कुदळ येते. व्याजही गेलं.

आता तक्रारी.

पहिली, मोजणीची. २००३ साली टिम डेव्हनपोर्ट आणि हेन्री न्दांगालासी यांनी टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या या व्यापाराचा अभ्यास 'ओरिक्स' या नियतकालिकात मांडला. त्यांचा अंदाज असा की वर्षाला २२ लाख ते ४१ लाख कंद तिथून झांबियाकडे जातात, आणि ८५ पर्यंत जाती त्यानं धोक्यात येऊ शकतात. मी रोज आकडे बघते. अंदाजाच्या दोन टोकांत १९ लाखांचा फरक असेल तर अभ्यासकांचा दोष नाही. मूळ व्यवहाराची एकही नोंद नसेल तर याहून जवळ कुणालाच जाता येणार नाही. माझ्या एखाद्या गिऱ्हाइकानं असा ताळेबंद आणला तर मी सही करणार नाही. मग तुम्ही वीस वर्षं कशावर सही करत आलात? की करतच नाही आहात?

कारण कायदा तर आहे. जगातलं प्रत्येक ऑर्किड साइट्सच्या कक्षेत येतं, बहुतेक सगळी परिशिष्ट दोनमध्ये. परिशिष्ट दोन म्हणजे बंदी नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की जंगलातून काढलेला माल सीमेपलीकडे जाताना निर्यात करणाऱ्या देशानं परवाना द्यायचा, आणि त्याआधी आपल्या शास्त्रीय अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा की या काढणीनं ती जात रानात टिकायला बाधा येत नाही. दोन्ही देश या करारात आहेत. टुंडुमा आणि नाकोंडे ही सीमेवरची दोन गावं. रस्त्याच्या या बाजूला टांझानियातलं टुंडुमा, त्या बाजूला झांबियातलं नाकोंडे, पायी चालत जाता येतं. जवळून ताझारा रेल्वे जाते, तांब्याचे ट्रक रांगेनं उभे असतात, प्रत्येक ट्रकचे कागद चार-चारदा तपासले जातात. त्याच गर्दीतून ही पोती जातात आणि त्यांचा एकही कागद तयार होत नाही.

दुसरी तक्रार त्या बसमधल्या बाईची. ती सीमा ओलांडत नव्हती. साइट्सचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तिच्याकडे मागितला तो वनोपज वाहतुकीचा कागद असावा, असं मी नंतर अंदाजानं ठरवलं. अंदाजानं, कारण लुसाकात एका सरकारी कार्यालयात मी हे विचारायला तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज भरा. दुसऱ्यांदा सांगितलं, चिकांडासाठी वेगळा अर्ज नाही. तिसऱ्यांदा ज्यांच्याकडे पाठवलं ते गृहस्थ फार सज्जन, त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "आमच्याही घरी रविवारी असतो." म्हणजे मिळवायची वाटच नसलेला कागद नाही म्हणून एका म्हातारीचं पोतं जातं. आणि त्याच आठवड्यात मी लुसाकाच्या सोवेटो बाजारात गेले तर कापेंटाच्या वाळलेल्या मासळीच्या आणि मोपाने अळ्यांच्या ढिगांशेजारी चिकांडाचे कंद मेड्यानं मापून विकले जात होते, टिनाचा डबा शिगोशीग भरून. त्यामागचे व्यापारी माहीत नसलेला माणूस त्या बाजारात नाही. त्यांना कुणी विचारलं नाही. मला त्यांनाही पकडायला नको आहे, हे पुढे सांगते. पण नियम असेल तर तो पोत्याच्या आकाराच्या उलट्या प्रमाणात चालू नये.

तिसरी तक्रार थोडक्यात: जाती ओळखायच्या कशा? वाळलेल्या कंदावरून सांगता येत नाही, पिठावरून तर नाहीच. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी चिकांडाच्या वडीतला डीएनए तपासून त्यात कुठली ऑर्किडं आहेत हे शोधायचा प्रयत्न केला, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेला जे कष्टानं जमतं ते नाक्यावरचा तरुण बुटाच्या टोकानं कसं ओळखणार? मग तो सगळ्यांना एकाच काठीनं हाकतो. ज्या जाती अजून भरपूर आहेत त्या आणि ज्या एखाद्याच पठारावर उरल्या आहेत त्या, एकाच पोत्यात.

चौथी, किटुलोबद्दल, आणि इथे मला आधी तुमचं कौतुक करायचं आहे. टांझानियानं २००५ साली किटुलो पठाराला राष्ट्रीय उद्यान केलं. मुख्यतः फुला-वनस्पतींसाठी उभं राहिलेलं उष्णकटिबंधीय आफ्रिकेतलं ते पहिलंच. ४१२ चौरस किलोमीटरचं, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर. स्थानिक लोक त्याला बुस्तानी या मुंगू म्हणतात, देवाची बाग. मी तिथे एकदा फेब्रुवारीत गेले होते. धुकं इतकं की दहा पावलांपुढचं दिसेना. मग वारा आला आणि पायाशी सॅटिरियमचे गुलाबी तुरे दिसले, एक, मग वीस, मग मोजायचं सोडून दिलं. मला कासची आठवण आली आणि लाजही वाटली, कारण कासला तिकीट, गर्दी आणि सेल्फी. इथे मी, वाटाड्या आणि धुकं.

पण उद्यानाच्या हद्दीबाहेर, मकेते आणि न्जोंबेच्या बाजूला, वाटाड्यानं मला एक उतार दाखवला. गवतात मुठीएवढे खड्डे, ओळीनं, पावसानं अर्धे बुजलेले. त्याच्या आईच्या काळी इथे टोपली भरायची, असं तो म्हणाला. बानाकुलूंचंच वाक्य, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत. गंमत म्हणजे त्या डोंगरात हे कंद रोजच्या जेवणात फारसे नाहीतच. भूक झांबियाची आणि डोंगर टांझानियाचा. म्हणून एका देशानं एकट्यानं काही करून भागत नाही. हद्दीच्या आत राखणदार ठेवला की कुदळ हद्दीच्या बाहेर जाते, आणि बाहेरचं संपलं की रात्री आत येते.

पाचवी, शेतीची. दर वेळी कुणीतरी म्हणतं, मग लागवड करा. करायलाच हवी. पण एकाला एक देणारा, बुरशीवाचून न उगवणारा, वर्षानुवर्षं फूल न धरणारा कंद कुठला शेतकरी कर्ज काढून लावेल? हे काम आधी प्रयोगशाळेचं आणि रोपवाटिकेचं आहे. बुरशी वेगळी करायची, बी तिच्याबरोबर रुजवायचं, रोपं दांबोच्या काठाला लावून पाहायची. ब्रिटनच्या क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ झांबियातल्या संशोधकांबरोबर चिकांडावर काम करत आले आहेत. ते पाहुण्यांच्या पैशावर चालतं. पाहुणे गेले की शेगडी विझते. तुमच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ हवी, छोटी असली तरी. ओळ असली की सदर तयार होतं, आणि सदर तयार झालं की त्या तरुणाला लिहायला जागा मिळते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बंदी घालू नका, हे सगळ्यात आधी. बंदी घातली की उतारावरचे खड्डे तसेच राहतील, फक्त मधल्या माणसाचा दर वाढेल आणि बसमधल्या बायकांचं आणखी काही जाईल. तुर्कस्तानात ऑर्किडच्या कंदांचं सालेप करतात, आइस्क्रीममध्ये आणि गरम दुधात घालतात. एक किलो पिठाला हजार ते चार हजार कंद लागतात. तिथे निर्यात बंद केली, तरी देशातल्या देशात खाणं चालूच आहे आणि इराणच्या डोंगरांतून कंद निघायचे थांबले नाहीत. माणसं आवडीचं खाणं कायद्यानं सोडत नाहीत. बानाकुलूही सोडणार नाहीत, आणि मी त्यांना तसं सांगणारही नाही.

टुंडुमा आणि नाकोंडेला एकच सामाईक नोंदवही ठेवा. दोन्ही देशांचा एकेक माणूस, एक वजनकाटा. पोतं आलं की तारीख, वजन, कुठल्या जिल्ह्यातून, एवढंच लिहा. पहिली दोन वर्षं कुणाचा माल धरू नका, दंड करू नका, फक्त लिहा. भीती गेल्याशिवाय कुणी खरं सांगणार नाही, आणि खरं कळल्याशिवाय तुमचा शास्त्रीय अधिकारी दाखला कशाच्या आधारावर देणार?

ज्या गावांच्या माळावर कंद निघतात त्या गावांच्या हाती खणण्याचा हंगाम ठरवण्याचा अधिकार द्या, कागदावर आणि शिक्क्यासह. शेंग वाळून फुटेपर्यंत कुदळ लावायची नाही, हा एकच नियम पाळला तरी निदान बी मातीत पडेल. खणणाऱ्याचं त्यात वजनाचं नुकसान नाही, तोवर नवा कंद भरलेलाच असतो. नुकसान आहे ते वाट पाहण्याचं, आणि वाट कुणीच पाहत नाही कारण आपण थांबलो तर शेजारचा खणेल ही भीती. म्हणूनच हक्क गावाचा हवा. परक्या व्यापाऱ्याच्या ट्रकला मग विचारूनच यावं लागेल. आणि माळ आलटून पालटून मोकळे ठेवायचे हे गावकऱ्यांना तुम्ही शिकवायला नको. गुरं चारताना ते हेच करतात.

लहान विक्रेत्यासाठी एका पानाचा अर्ज काढा. बेम्बात, स्वाहिलीत, इंग्रजीत. नाव, गाव, किती मेडे. फी नको, किंवा एका वडीच्या किमतीएवढी असू द्या. आणि माल धरलाच तर पावती द्या, हे मी हात जोडून सांगते. ज्या व्यवहाराची पावती नाही तो व्यवहार आहे की लूट, हे माझ्यासारखीला ठरवता येत नाही.

सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकल्या जाणाऱ्या चिकांडावर कंद कुठल्या देशातले हे छापायला लावा. शहरातला खाणारा पैसे देऊ शकतो. त्यातले काही लागवडीच्या ओळीकडे वळवता येतील.

आता माझ्या लोकांशी दोन शब्द, अधिकारी महोदयांनी एवढं सोडून वाचावं. लुसाकातल्या आपल्या घरगुती समारंभांत हल्ली चिकांडा दिसतो. मांस नाही, चव छान, पाहुणे खूश. मीच गेल्या संक्रांतीला तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवला होता. तो शाकाहारी आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नये, एवढंच. कुठून आणला ते विचारत जा. नाशिक-पुण्याच्या मंडळींनी सालम मिश्री घेतानाही तेच विचारावं. दुकानदार गप्प बसला तर त्यालाही उत्तर समजा.

अधिकारी महोदय, ती बाई मला लुसाकात पुन्हा भेटली. तिची मुलगी आमच्या गल्लीच्या टोकाला टोमॅटो विकते, हा निव्वळ योगायोग. पोत्याचं काय झालं विचारलं तर म्हणाली, कुणीतरी खाल्लं असेल. रागही नव्हता आवाजात. मी तिला सांगितलं की मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. तिनं एवढंच विचारलं, त्यांना लिही की पुढच्या खेपेला मी कुठल्या खिडकीपाशी जाऊ?

त्या खिडकीचा पत्ता आणि उघडण्याची वेळ कळवावी. माझा पत्ता इंग्रजी प्रतीवर आहे.

आपली,
लुसाकातली एक हिशेबनीस